पुढून ओढावे की मागून ढकलावे?

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजाराबाहेर दहा मिनिटे उभे राहिले, तर वाहनांचे प्रदर्शनच पाहायला मिळते. ट्रॅक्टर, पिकअप, रिक्षा, एसटी आणि मधूनच हॉर्न वाजवत वाट काढणाऱ्या छोट्या मोटारी. या सर्वांना चाके आहेत, इंजिन आहे. पण इंजिनाची ताकद सर्वांच्या एकाच चाकांकडे जात नाही. साध्या ट्रॅक्टरची, रिक्षाची, एसटीची आणि बहुतेक पिकअपची मागची चाके इंजिन फिरवते. छोट्या घरगुती मोटारींत मात्र पुढची चाके फिरवली जातात. मागची नुसती मागोमाग येतात.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शाळांत विज्ञानावर बोलायला आम्ही जातो, तेव्हा गाड्यांविषयीचे प्रश्न हमखास येतात. त्यांतला एक नेहमीचा : ‘सर, स्पोर्ट्‌स कारला पुढच्या चाकांची ओढ चांगली की मागच्या चाकांची?’ मुले हा प्रश्न आवडीपोटी विचारतात. पण माळशेज घाटात किंवा घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचा या प्रश्नाशी संबंध आहे. शिवाय त्याचे उत्तर शोधताना शाळेतल्या पुस्तकातला घर्षणाचा धडा नव्याने वाचता येतो. म्हणून हा खटाटोप.

आपल्याकडच्या दोन स्पोर्ट्‌स कार

स्पोर्ट्‌स कार म्हटले की परदेशी नावे डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या परिसरातही असे प्रयत्न झाले आहेत आणि योगायोगाने त्यांतले दोन आपल्या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे देतात.

पहिली गाडी गोव्याची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, उघड्या छताची छोटी गाडी तेथे तयार झाली. तिच्यात रेनो कंपनीचे १.२ लिटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन होते. इंजिन पुढे आणि चालवलेली चाकेही पुढचीच.

दुसरी पुणे जिल्ह्यातली. दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेने २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ‘अवंती’ ही गाडी मांडली. तिचेही इंजिन रेनोचेच, पण २ लिटरचे, टर्बो असलेले, सुमारे २५० अश्वशक्तीचे. रेनोच्या स्वतःच्या मोटारींत हे इंजिन पुढे बसून पुढची चाके फिरवत असे. अवंतीमध्ये ते आसनांच्या मागे बसवले आणि त्याची ताकद मागच्या चाकांना दिली.

एकाच कारखानदाराची इंजिने, दोन्ही गाड्यांचा हेतू एकच, मग रचना उलट का? आमच्या मते दोघांचेही बरोबर होते. ते कसे, हे समजण्यासाठी प्रथम एक गैरसमज बाजूला करू.

गाडीला पुढे कोण ढकलते?

‘घर्षण गतीला विरोध करते’ हे वाक्य आपण सर्वांनी पाठ केलेले असते. ते अपुरे आहे. घर्षण विरोध करते ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवर घसरण्याला. शेवाळलेल्या फरशीवर चालून पाहा. आपण पाय मागे रेटतो, पाय घसरतो आणि आपण जागच्या जागी राहतो. कोरड्या जमिनीवर तोच पाय घसरत नाही, कारण जमीन पायाला पुढे रेटते. आपल्याला चालवते ते घर्षणच.

मोटारीचेही तसेच. इंजिन चाकाला फिरवते, चाक रस्त्याला मागे रेटते आणि रस्ता चाकाला पुढे रेटतो. गाडीला पुढे नेणारे बाहेरचे बल रस्त्याचे असते. इंजिन कितीही दांडगे असो, रस्ता जेवढे बल देईल तेवढेच गाडीच्या कामी येणार. त्यापलीकडची ताकद चाक जागच्या जागी फिरवण्यात आणि टायर झिजवण्यात जाते.

रस्ता किती बल देऊ शकतो? त्या चाकावर जितका भार, त्याच्या ठरावीक पट. या पटीला घर्षणांक म्हणतात. कोरड्या डांबरावर तो सुमारे ०.८ धरता येईल. ओल्या रस्त्यावर तो ०.४ च्या आसपास येतो आणि वर चिखल आला की ०.३ किंवा त्याहूनही खाली. म्हणून प्रश्न असा होतो : गाडी वेग घेत असताना कोणत्या चाकांवर जास्त भार असतो?

जिन्यातले कपाट

दोघांनी मिळून कपाट जिन्यावरून वर नेले, तर खालच्या पायरीवरच्या माणसाच्या हातांवर जास्त भार येतो. कपाटाचा गुरुत्वमध्य हातांच्या पातळीपेक्षा वर असल्याने तिरपे होताच भार खालच्या बाजूला सरकतो.

मोटारीचा गुरुत्वमध्यही रस्त्यापासून साधारण अर्धा मीटर उंच असतो. रस्त्याचे बल मात्र तळाशी, टायरपाशी लागते. त्यामुळे गाडी जोराने पुढे निघाली, की तिचे नाक वर उचलले जाते आणि शेपटी दबते. पुढच्या चाकांवरचा काही भार मागच्या चाकांवर जातो. ब्रेक लावला की उलट घडते. चढावर गाडी एकसारख्या वेगाने चालली तरी भार मागेच सरकतो. जोराने वेग घेणे आणि चढ चढणे या दोन्हींचा चाकांवरचा परिणाम सारखाच असतो.

याचे टोकाचे उदाहरण आपल्याकडे दर हंगामात दिसते. विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याकडे उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे तोंड चढावर उचलले जाते. तेव्हा पुढच्या चाकांवर भार जवळजवळ उरलेला नसतो. सगळा मागे गेलेला असतो. ट्रॅक्टरला मोठी, खोबणीदार चाके मागे का आणि ताकदही मागच्याच चाकांना का, याचे उत्तर त्या दृश्यात आहे. ट्रॅक्टरची पुढची चाकेच फिरवली असती, तर ज्या क्षणी ओढ सर्वांत जास्त हवी, त्याच क्षणी ती चाके निकामी झाली असती.

थोडे गणित

दहावीच्या बीजगणितात बसेल असे हे गणित आहे. चालवलेल्या चाकांवर, गाडी उभी असताना, एकूण वजनाचा जो भाग असतो त्याला ‘भ’ म्हणू. घर्षणांक ‘घ’. गुरुत्वमध्याची उंची भागिले पुढच्या व मागच्या आसांतले अंतर, याला ‘उ’ म्हणू. प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या पटीत मोजू आणि त्याला ‘त’ म्हणू. वेग घेताना एकूण वजनाचा ‘त × उ’ इतका भाग पुढून मागे सरकतो.

मागची चाके चालवली तर : त = घ × (भ + त × उ)
म्हणून त = घ × भ ÷ (१ − घ × उ)

पुढची चाके चालवली तर : त = घ × (भ − त × उ)
म्हणून त = घ × भ ÷ (१ + घ × उ)

एका ठिकाणी उणे, दुसऱ्या ठिकाणी अधिक, एवढाच फरक. आता आकडे घालू. उंची ५० सेंटिमीटर, आसांतले अंतर २५० सेंटिमीटर, म्हणजे उ = ०.२. रस्ता कोरडा, घ = ०.८.

पुढे इंजिन, पुढची चाके चालवलेली, पुढे ६० टक्के वजन : त = ०.४१.
पुढे इंजिन, मागची चाके चालवलेली, वजन निम्मे-निम्मे : त = ०.४८.
आसनांमागे इंजिन, मागची चाके चालवलेली, मागे ६० टक्के वजन : त = ०.५७.

टायर न घसरता शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला या तीन गाड्यांना अनुक्रमे ६.८, ६ आणि ५ सेकंद लागतील. अर्थात इंजिनाची ताकद कमी पडली नाही तर. आणि सगळी मेख या ‘तर’मध्ये आहे.

ताकद म्हणजे बल गुणिले वेग. गाडी १००० किलोग्रॅमची धरू. पहिल्या रचनेत पुढची चाके जास्तीत जास्त सुमारे ४१०० न्यूटन बल वापरू शकतात. ६० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ४५,००० वॅट. भागाकार केला तर ११ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे ४० किलोमीटर. या वेगापुढे इंजिनच अपुरे पडते. रस्ता देऊ करतो ते बलही गाडी पुरते वापरू शकत नाही. अशा गाडीची मागची चाके चालवून काय मिळणार? सुरुवातीच्या एक-दोन क्षणांपलीकडे फारसे काही नाही.

२५० अश्वशक्तीचे इंजिन याच गाडीत पुढे बसवले, तर तोच भागाकार ताशी १६० किलोमीटरच्या वर जातो. म्हणजे त्या वेगापर्यंत ॲक्सिलरेटर पुरता दाबायची सोयच नाही. दाबला की चाके घसरणार. इंजिन विकत घेतले आणि अर्धे वाया गेले. तेच इंजिन आसनांमागे ठेवून मागची चाके फिरवली, तर रस्ता ५६०० न्यूटनपर्यंत बल देतो आणि ताकदीचे चीज होते.

सॅन स्टॉर्म आणि अवंती या दोघींचेही बरोबर होते, ते या अर्थाने. पुढची की मागची हा प्रश्न सुटा विचारता येत नाही. ताकद किती आणि रस्ता कसा, हे आधी विचारावे लागते.

पाऊस पडला की

आता रस्त्यावर चिखल आला असे समजू. घ = ०.३. वरच्या सूत्रांत हा आकडा घाला. पुढे ६० टक्के वजन असलेली, पुढची चाके चालवणारी गाडी : ०.१७. निम्मे-निम्मे वजनाची, मागची चाके चालवणारी गाडी : ०.१६. पारडे फिरले! घर्षण कमी, म्हणून प्रवेग कमी. प्रवेग कमी, म्हणून मागे सरकणारा भारही कमी. मग उभ्या गाडीत चाकांवर आधीच किती वजन आहे यालाच महत्त्व येते आणि इंजिन ज्या चाकांवर बसले आहे ती चाके जिंकतात.

हेच आकडे चढालाही लागू पडतात. ०.१७ म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सतरा मीटर चढ, त्याहून जास्त नाही. पिकअपचा अनुभव आठवा. शेतातला चिखलाचा रस्ता माल भरलेली पिकअप चढते आणि बाजारातून रिकामी परतलेली तीच गाडी तेथेच गरगर चाके फिरवते. रिकामेपणी मागच्या चाकांवर ४० टक्केच वजन धरले, तर शंभराला १३ मीटरचा चढ जमतो. भरल्यावर मागे ६५ टक्के वजन आले, तर २१ मीटरचा. चालक मागच्या हौद्यात दोन-चार पोती टाकतात किंवा माणसे उभी करतात, ते सूत्र न मांडता केलेले हेच गणित.

जगाच्या इतिहासातही याचा दाखला आहे. १९५९ साली ब्रिटनमध्ये अलेक इसिगोनिस यांनी रचलेली मिनी ही छोटी गाडी बाजारात आली. इंजिन पुढे आडवे, चालवलेली चाकेही पुढचीच. बर्फाळ घाटांतून जाणाऱ्या मोंटे कार्लो रॅलीत १९६४, १९६५ आणि १९६७ साली या चिमुकल्या गाडीने मोठ्या गाड्यांना मागे टाकले. कमी ताकद आणि निसरडा रस्ता : सूत्राने सांगितलेली हीच जागा.

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० ने आपल्याकडे हीच रचना घरोघरी नेली. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी या गाड्यांची मागची चाके चालत. इंजिनापासून मागच्या आसापर्यंत लांब दांडा जाई आणि त्याच्यासाठी तळाच्या मधोमध उंचवटा असे. मागे बसलेल्या तिसऱ्या माणसाच्या पायांना तो नडे. मारुतीत तो दांडाच नव्हता. वजन वाचले, जागा वाचली, खर्चही वाचला. घरगुती गाडीसाठी हा सौदा फायद्याचाच आहे.

वळणावर

गाडी सरळच जात असती तर गोष्ट येथे संपली असती. पण घाटात वळणे असतात आणि टायरला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात : गाडीला पुढे ढकलणे आणि तिला बाजूला वळवणे. रस्त्याचे घर्षण एवढेच. त्यातूनच दोन्ही कामे भागवायची. वाटणी मात्र साध्या वजाबाकीची नाही. ही बले एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून येथे पायथागोरस लागतो. टायरची ऐपत ५ एकक असेल आणि ढकलण्यात ३ खर्च झाले, तर वळण्यासाठी २ नव्हे, ४ उरतात. पण पाचही एकक ढकलण्यात घालवले तर वळण्यासाठी शून्य उरते.

पुढची चाके चालवणाऱ्या गाडीत दोन्ही कामे पुढच्याच चाकांवर पडतात. वळणावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला, की पुढची चाके वळायचे सोडून देतात आणि गाडी वळणाबाहेर, सरळ रेषेत जाऊ लागते. मागची चाके चालवणाऱ्या गाडीत कामाची वाटणी होते : वळवणे मुख्यतः पुढच्यांनी, ढकलणे मागच्यांनी. म्हणूनच कुशल चालकांना ती आवडते. परंतु येथे जास्त ताकद दिली तर मागची चाके बाजूला सरकतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

दोन्ही वाईटच, पण सारखी वाईट नव्हेत. पहिल्या प्रकारात घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. भार पुढे येतो आणि पुढच्या चाकांची पकड बहुधा परत येते. दुसऱ्या प्रकारात घाबरून ब्रेक दाबला, तर मागच्या चाकांवरचा भार आणखी घटतो आणि फिरकी वाढते. सामान्य चालकाच्या सहज प्रतिक्रियेशी पहिल्या रचनेचे जमते. दुसरीला शिक्षण लागते.

याची खात्री वर्गात करून घेता येते. एक खेळण्यातली मोटार घ्या. मागची दोन्ही चाके फिरणार नाहीत अशी चिकटपट्टीने जखडा आणि गाडी तिरप्या फळीवरून सोडा. ती थोड्याच अंतरात गर्रकन वळून शेपटी पुढे करून उतरते. आता मागची चाके मोकळी करून पुढची जखडा. गाडी सरळ घसरत येते. घसरणारे चाक बाजूची पकड गमावते, एवढे एकच तत्त्व दोन्ही प्रयोगांत आहे. ब्रेक लावून चाक अडवा किंवा इंजिनाने गरगर फिरवा, परिणाम तोच.

येथे मुले एक शंका काढतात. बैलगाडा पुढून ओढला जातो म्हणून सरळ धावतो, तेव्हा पुढची ओढ नेहमीच स्थिर नव्हे का? या दोन तालुक्यांत शर्यतीच्या धावपट्टीला घाटच म्हणतात आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यापासून मुलांच्या तोंडी हे उदाहरण चटकन येते. पण तुलना अर्धीच खरी आहे. बैलगाड्याला पुढे नेणारे घर्षण बैलांच्या खुरांखाली असते. गाड्याची चाके केवळ गडगडतात. मोटारीत ओढणारी आणि ओढली जाणारी अशा दोन वस्तू नसतात. मागची चाके घसरत नाहीत तोवर ‘मागून ढकललेली’ गाडीही तितकीच सरळ जाते. स्थैर्य ओढण्या-ढकलण्यात नसून टायरच्या पकडीत आहे.

ज्याला चालवलेली चाके उपयोगी नाहीत

आता सर्वांत महत्त्वाचे. समजा घाटातल्या वळणाची त्रिज्या १५ मीटर आहे. कोरड्या रस्त्यावर ते ताशी सुमारे ३९ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पार करता येत नाही. ओल्या रस्त्यावर, घ = ०.४ धरला, तर ही मर्यादा सुमारे २८ किलोमीटर होते. या हिशेबात इंजिन कोणती चाके फिरवते याचा उल्लेखच येत नाही. ब्रेकचेही तसेच, ते चारही चाकांना लागतात, मग गाडी पुढून चालो, मागून चालो वा चारही चाकांनी. चारही चाके चालवणारी जीप चिखलातून वर चढेल, कारण तिच्या सगळ्या वजनाचा उपयोग होतो. पण घाट उतरताना ती इतरांपेक्षा लवकर थांबणार नाही. चढताना मिळालेला आत्मविश्वास उतरताना वापरणे धोक्याचे असते. आधुनिक गाड्यांतील संगणक एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सावरतो, पण तोही आहे त्या घर्षणाची वाटणीच सुधारतो. नवे घर्षण निर्माण करत नाही.

विजेच्या गाड्यांनी या जुन्या प्रश्नाला पुन्हा तोंड फोडले आहे. मोटर लहान असते, कोणत्याही आसाजवळ बसते, लांब दांडा लागत नाही आणि जड बॅटरी तळाशी पसरलेली असल्याने पुढे वजन ठेवण्याचे कारण उरत नाही. २०२४ साली आलेल्या, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या चाकणला बनणाऱ्या महिंद्र बीई ६ या विजेच्या गाडीत मोटर मागे आहे आणि ती मागचीच चाके फिरवते. ताकद भरपूर असली की सूत्र मागच्या चाकांकडे बोट दाखवते, तेच येथे घडले.

शेवटी वर्गासाठी एक उदाहरण. पुढे ६० टक्के वजन असलेली पुढच्या चाकांची गाडी आणि निम्म्या-निम्म्या वजनाची मागच्या चाकांची गाडी, या दोघींची कमाल ओढ नेमक्या कोणत्या घर्षणांकाला सारखी होईल? उ = ०.२ घ्या, दोन्ही सूत्रे एकमेकांसमान मांडा आणि विद्यार्थ्यांना सोडवू द्या. उत्तर सुमारे ०.४५ येते. कोरड्या डांबराच्या बरेच खाली आणि भिजलेल्या रस्त्याच्या किंचित वर. म्हणजे आषाढातली एक जोरदार सर आली, की या प्रश्नाचे उत्तर बदलते.